समतोल नको, आधी एक काम धड करा

दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही मध्यमवयीन माणसाच्या हातातला कागद बघा. वर दोन-तीन औषधं लिहिलेली असतात आणि खाली सूचनांची रांग. मीठ कमी करा. साखर बंद करा. तेल कमी वापरा. रोज पाऊण तास चाला. वजन दहा किलो उतरवा. तंबाखू सोडा. दारू सोडा. सात तास झोपा. योगासनं करा. ताण घेऊ नका. आणि सगळ्यात शेवटी: आयुष्यात समतोल ठेवा.

हा कागद घेऊन माणूस घरी जातो आणि सोमवारी सगळं एकदम सुरू करतो. पहाटे उठून चालणं, बिनसाखरेचा चहा, दुपारी काकडी-टोमॅटो, खिशातली पुडी कचऱ्यात. गुरुवारपर्यंत डोकं भणभणायला लागतं. शनिवारी लग्नाचं आमंत्रण असतं. रविवारी पुडी पुन्हा खिशात येते आणि पाठोपाठ बाकीचंही सगळं मोडतं. पुढच्या तपासणीची तारीख येते तेव्हा तो डॉक्टरांकडे जातच नाही, कारण ‘काहीच जमलं नाही’ हे सांगायची लाज वाटते. त्याच लाजेपायी बीपीची गोळीही आणायची राहून जाते.

अशा माणसाला घरचे म्हणतात, ‘तुझ्यात मनोनिग्रहच नाही.’ माझं म्हणणं वेगळं आहे. चूक त्या सल्ल्यात आहे. दहा गोष्टी एकदम बदला आणि वर सगळ्यांचा समतोल ठेवा, हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण बहुतेक माणसांच्या बाबतीत तो निरुपयोगी ठरतो आणि काहींच्या बाबतीत घातक ठरतो. आपल्याकडे म्हण आहे, एक ना धड, भाराभर चिंध्या. समतोलाच्या नावाखाली आपण लोकांच्या हातात चिंध्याच देत आहोत.

मग ही यादी दिली का जाते? यादी लिहायला दोन मिनिटं पुरतात. या माणसाने सध्या नेमकी कोणती एक गोष्ट करावी, हे ठरवायचं तर बसून त्याचं ऐकून घ्यावं लागतं. बाहेर पन्नास माणसं थांबलेली असताना यादी सोयीची पडते. सगळं सांगून झालेलं असतं, म्हणून सांगणारा मोकळा होतो. ऐकणारा मात्र अडकतो.

आधी साधा हिशेब करू

समजा, तुम्ही डोंबिवलीला राहता आणि फोर्टात नोकरी करता. नोकरीचे नऊ तास, घरापासून ऑफिसपर्यंत जाऊन-येऊन तीन तास आणि झोपेचे सात तास धरा. एकोणीस तास झाले, उरले पाच. आंघोळ, स्वयंपाक, जेवण, बाजार, कपडे, भांडी यांत तीन तास सहज जातात. म्हणजे हातात राहिले दोन तास.

आता समतोल आयुष्याची यादी मांडा. चालणं ४५ मिनिटं, प्राणायाम आणि योगासनं ३० मिनिटं, मुलांचा अभ्यास एक तास, आई-वडिलांशी बोलणं अर्धा तास, नवरा-बायकोचा एकमेकांसाठी अर्धा तास, वाचन किंवा छंद अर्धा तास. एकूण पावणेचार तास झाले. दोन तासांत पावणेचार तास बसवायचे तर ते कुठून तरी काढावे लागतात. आधी ते झोपेतून निघतात, मग जेवण उभ्याने उरकून निघतात. म्हणजे समतोल साधण्याच्या नादात तब्येतीचे दोन खांबच पोखरले जातात.

हिशेब जमत नाही तो तुम्ही आळशी आहात म्हणून नव्हे. दिवसाला चोवीसच तास असतात, म्हणून तो जमत नाही.

तुमचं शरीर तरी समतोल ठेवतं का?

‘पण डॉक्टर, निसर्गातच समतोल आहे ना?’ असं बरेच जण विचारतात. आहे, पण तो कसा साधला जातो ते बघा.

तुम्ही शांत बसलेले असता तेव्हा हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं आणि त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा स्नायूंना जातो. तुम्ही जोरात धावायला लागलात की हृदय कितीतरी जास्त रक्त फेकतं आणि त्यातला सुमारे चार पंचमांश भाग एकट्या स्नायूंकडे वळतो. जठर-आतड्यांचा पुरवठा त्या वेळेपुरता आखडला जातो. त्या क्षणी शरीर सगळ्यांना सारखं वाटप करत बसत नाही.

अपघातात खूप रक्त गेलेल्या माणसाचे हातपाय थंड पडतात, त्वचा पांढरी पडते, लघवी कमी होते. शरीर त्या वेळी कातडी, आतडी आणि मूत्रपिंडं यांचा वाटा कापून मेंदू आणि हृदय वाचवत असतं. रक्त भरलं की बाकीच्यांचा वाटा परत सुरू होतो. तो वेळेत सुरू झाला नाही, तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हणजे एका अवयवाला प्राधान्य देणं योग्य, पण ते मर्यादित काळापुरतंच. हे पुढे पुन्हा लागणार आहे, लक्षात ठेवा.

अपघात विभागातही हीच रीत आहे. आधी श्वासाची वाट मोकळी आहे का, मग श्वास चालू आहे का, मग रक्ताभिसरण. मोडलेलं हाड त्यानंतर. पेशंटचा श्वास अडकलेला असताना कुणी त्याच्या हाडाला, जखमेला आणि श्वासाला समतोल वेळ देत नाही.

शेतकऱ्याला तर हे सांगावंच लागत नाही. पहिला पाऊस पडून वाफसा आला की घरातली सगळी माणसं पेरणीला लागतात. घराची डागडुजी, सोयरीक, देवदर्शन नंतर. वर्षाच्या शेवटी त्याची सगळी कामं झालेली असतात, पण कोणत्याही एका आठवड्यात त्याचं आयुष्य समतोल दिसत नाही.

समतोल दिसतो तो वर्षभराच्या हिशेबात. तो रोजच्या रोज मागणं ही आपली चूक आहे.

अभ्यास काय सांगतात?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर एक अभ्यास केला. तो २००९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने खाण्या-पिण्याची किंवा हालचालीची एकच नवी सवय निवडली आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडली, उदाहरणार्थ न्याहारीनंतर. ती सवय आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. एक सवय रुजायला सरासरी दोन महिने लागत असतील, तर दहा सवयी एका सोमवारी कशा रुजतील? या अभ्यासातली दिलासा देणारी गोष्ट अशी की, एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नव्हतं.

दुसरं उदाहरण मधुमेहाचं. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधल्या ‘डायरेक्ट’ नावाच्या चाचणीचे निकाल २०१७ च्या अखेरीस आले. मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा ठरावीक आहार दिला गेला. वर्षअखेरीला त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली राहिली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होतं. वर्तमानपत्रांत हे सगळं आलं. न आलेली गोष्ट अशी की, त्या पहिल्या टप्प्यात या लोकांवर व्यायामाची सक्ती नव्हती. आधी फक्त खाणं. पावलं मोजायचं यंत्र हातात दिलं ते नेहमीचं अन्न परत सुरू होताना. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं, म्हणजे मिळवलेलं टिकवायला पुढेही कष्ट आहेतच. पण सुरुवात एकाच गोष्टीने झाली होती. (हा आहार कुणीही घरच्या घरी करू नये. मधुमेहाच्या आणि बीपीच्या गोळ्या चालू असताना असं खाणं तोडलं तर साखर आणि रक्तदाब धोकादायक पातळीला उतरू शकतात.)

तिसरं उदाहरण तंबाखूचं. सिगारेट सोडल्यावर पहिल्या वर्षात वजन सरासरी चार-पाच किलो वाढतं. हे वाढणारं वजन पाहून घाबरलेले कितीतरी लोक पुन्हा ओढायला लागतात, कारण त्यांना कुणीतरी ‘सिगारेटही सोडा आणि वजनही उतरवा’ असं एका दमात सांगितलेलं असतं. खरं तर सिगारेटमुळे हृदयविकाराचा जो जास्तीचा धोका असतो, तो सोडल्यापासून वर्षभरात साधारण निम्म्यावर येतो. त्यापुढे चार किलो वजन किरकोळ आहे. ते नंतर बघता येतं.

विरुद्ध बाजूचा पुरावाही सांगतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात ४५ वर्षांवरच्या २०० लोकांवर झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना आहार आणि व्यायाम दोन्ही एकदम सुरू करायला सांगितलं होतं, त्यांना सगळ्यात चांगलं यश आलं. २०१३ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला आणि ‘सगळं एकदम करा’ म्हणणारे तो दाखवतात. पण त्या लोकांना वर्षभर फोनवरून प्रशिक्षित सल्लागार मार्गदर्शन करत होता. तुमच्यामागे असं कुणी आहे का? शिवाय तिथेही गोष्टी दोनच होत्या, दहा नव्हेत. आणि त्याच अभ्यासात दिसलं की, व्यायामापासून सुरुवात करणाऱ्यांना पुढे आहारही बऱ्यापैकी जमला, पण आहारापासून सुरुवात करणाऱ्यांचा व्यायाम मागे पडला. म्हणजे आधी काय आणि नंतर काय, याला महत्त्व आहे.

समतोल नेमका कुणी ठेवायचा?

समतोलाच्या सल्ल्याचा सगळ्यात मोठा भार बायकांवर पडतो, हे कुणी फारसं बोलत नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्या कामांना दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या. जे पुरुष घरकाम करतात त्यांची सरासरी ९७ मिनिटं होती. पाच तास विरुद्ध दीड तास. आता यातल्या दोघांनाही ‘समतोल ठेवा’ असं सांगितलं तर पुरुषाला वाटतं की थोडा छंद जोपासावा. बाईला वाटतं की आपण आणखी एका ठिकाणी कमी पडतोय.

समजा, शेहेचाळीस वर्षांच्या एक शिक्षिका आहेत. सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा दहावीला. त्यांना जिना चढताना धाप लागते, गुडघे दुखतात, पाळीत खूप रक्त जातं. हिमोग्लोबिन आठ निघतं. बायकांमध्ये ते किमान बारा असावं. त्यांनाही तोच कागद मिळतो: चाला, वजन कमी करा, ताण घेऊ नका, स्वतःसाठी वेळ काढा, समतोल ठेवा.

ताई, आठ हिमोग्लोबिनवर पाऊण तास चालायची सक्ती स्वतःवर करू नका. तुमचं पुढच्या तीन-चार महिन्यांचं एकच काम आहे, हे रक्त भरून काढणं. लोहाची गोळी रोज, चहाबरोबर किंवा चहाच्या लगेच आधी-नंतर नाही. चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही, लिंबूपाण्याबरोबर चांगलं शोषलं जातं. हिमोग्लोबिन सुधारलं तरी शरीरातला साठा भरण्यासाठी गोळी आणखी काही महिने लागते, मध्येच थांबवू नका. आणि या वयात पाळीत इतकं रक्त का जातंय, यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन सोनोग्राफी. इतकंच. वजन, गुडघे, योगासनं पुढच्या पावसाळ्यात बघू. भारतात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या आहेत, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. यातल्या कितीतरी जणी घरातल्या सगळ्यांचा समतोल राखता राखता स्वतःची गोळी विसरतात.

आणि घरातल्या इतरांना सांगायचं तर, या तीन-चार महिन्यांत सासूबाईंची रात्रीची पाळी मुलाने आणि नवऱ्याने वाटून घ्यायची. एकाचं काम पहिलं ठरलं की दुसऱ्यांना खांदा द्यावाच लागतो.

मग बाकीच्या गोष्टींचं काय?

एक गोष्ट पहिली ठेवणं म्हणजे बाकीच्या वाऱ्यावर सोडणं नव्हे. बाकीच्या किमान पातळीवर ठेवायच्या. किमान म्हणजे ज्याच्या खाली गेलं तर नुकसान होतं, ती रेघ.

पहिली रेघ औषधांची. बीपी, मधुमेह, थायरॉईड, फिट्स, हृदय यांच्या चालू गोळ्या या निवडीत येतच नाहीत. त्या चालूच राहणार. ‘या महिन्यात मी झोपेवर लक्ष देतोय म्हणून बीपीची गोळी बंद’ असा अर्थ कुणीही काढू नये. गोळी घ्यायला दहा सेकंद लागतात, त्यासाठी मनाची मोठी ताकद खर्ची पडत नाही. एकदम अनेक बाजूंनी मारा करायचा तो औषधांनी करावा आणि तो ठरवणं डॉक्टरचं काम आहे. तुमचा निग्रह मात्र एका वेळी एकाच जागी लावा.

दुसरी रेघ धोक्याच्या खुणांची. छातीत दाब, अचानक बोबडी वळणं किंवा हात लुळा पडणं, धाप, बेशुद्धी यांपैकी काहीही झालं तर तुमचं ठरवलेलं सगळं बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं.

तिसरी रेघ माणसांची. घरच्यांबरोबर दिवसातलं एक जेवण, फोन बाजूला ठेवून. एवढं केलं तर तीन महिने बाकीचं थोडं ढकललेलं चालतं. स्वयंपाकात वरण-भात-भाजी पुरे. घर थोडं पसरलेलं राहिलं तर राहू दे.

आधी काय निवडाल?

सगळ्यांना एकच उत्तर नाही, पण क्रम बहुतेकांना लागू पडतो.

१. ज्याला वेळेची मर्यादा आहे ते आधी. क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. त्या सहा महिन्यांत एकही डोस न चुकवणं आणि पोटभर खाणं हेच काम. हृदयात नुकताच स्टेंट बसवला असेल तर डॉक्टर सांगतील तितके महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या न चुकवणं हे काम. घरात तान्हं बाळ असेल तर पहिले सहा महिने आईचं दूध आणि आईची झोप, बाकी सगळं इतरांनी बघायचं. वडील शेवटच्या आजारात असतील तर त्यांच्याजवळ बसणं हेच तुमचं काम. त्या काळात तुमचं वजन दोन किलो वाढलं तर कुणी तुम्हाला रागावू नये, डॉक्टरनेही नाही. मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर बाकी कशाचाही विचार न करता मदत घ्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक त्यासाठीच आहे.

२. त्यानंतर तंबाखू आणि दारू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात आणि त्यांतले बहुतेक धूम्रपान करणारे नाहीत. मळलेली तंबाखू, गुटखा, मिश्री हे आपलं दुखणं आहे. तंबाखू सोडायचं ठरवलंत तर त्या तीन महिन्यांत दुसरं काही सोडू नका. चहा लागतो, घ्या. बडीशेप, लवंग, फुटाणे तोंडात ठेवा. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण, दोन ते चार आठवड्यांत तलफ बरीच ओसरते. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर मदत मिळते. दारूच्या बाबतीत एक इशारा: रोज भरपूर पिणाऱ्याने एकट्याने अचानक बंद करू नये. थरथर, भ्रम, फिट येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची.

३. मग झोप. झोप कमी पडली की गोड आणि तळलेलं खाण्याची ओढ वाढते, चिडचिड वाढते, व्यायामाला अंग उचलत नाही. झोप सुधारली की पुढच्या दोन गोष्टी सोप्या होतात. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर त्याची तपासणी करून घ्या.

४. मग चालणं. आठवड्याला १५० मिनिटं हे उद्दिष्ट आहे. सुरुवात रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटांनी करा.

५. आणि मग खाणं व वजन. सगळे याच्यापासून सुरुवात करतात आणि बहुतेक इथेच मोडतात.

हा क्रम डोळे झाकून घेऊ नका. साखर ३५० असेल तर खाणं आणि औषधं वर येतील. म्हणून आपल्या डॉक्टरांना सरळ विचारा: ‘डॉक्टर, यातली एकच गोष्ट करायची म्हटली तर कोणती?’ हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. उत्तर देणं त्यांचं काम आहे.

तीन अटी

पहिली अट, शेवटची तारीख. तारीख नसलेलं प्राधान्य ही पळवाट असते. ‘सध्या फक्त धंदा’ असं म्हणत ज्याची वीस वर्षं गेली, त्याने एका वेळी एक काम केलं असं मी म्हणणार नाही. त्याने बाकीच्या कामांना कायमची सुट्टी दिली. मघाशी सांगितलेली मूत्रपिंडं आठवा. थोडा वेळ वाटा कापलेला ती सोसतात, कायमचा नाही. मुलांचं आणि जोडीदाराचंही तसंच. साधारण तीन महिन्यांचा काळ धरा. मधुमेह असेल तर एचबीए१सी ही तपासणीही मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, म्हणजे निकाल आपोआप हातात येतो.

दुसरी अट, घरच्यांना सांगणं. ‘या तीन महिन्यांत मी तंबाखू सोडतोय, चिडलो तर समजून घ्या, आणि कुलरच्या दुरुस्तीचं मला विचारू नका.’ मनात ठेवलेलं प्राधान्य घरच्यांना तुमचा स्वार्थ वाटतो.

तिसरी अट, मोजता येईल असं काम. ‘तब्येतीकडे लक्ष देणार’ हे काम नाही. ‘जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणार, आठवड्यातले सहा दिवस’ हे काम आहे. कॅलेंडरवर फुली मारा. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी चाला, रडत बसू नका.

दोन आक्षेप

‘डॉक्टर, मला तर सगळंच तातडीचं आहे.’ तसं वाटतं खरं. अर्धं काम सोडून दुसऱ्यावर उडी मारली की मन पहिल्यातच अडकून राहतं आणि दुसरंही नीट होत नाही, हे सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. सगळं तातडीचं वाटण्यामागे बऱ्याचदा हे अर्धवट सोडलेल्या कामांचं ओझं असतं. एक पूर्ण करा, मग बघा किती उरतं.

‘एकेक करत बसलो तर किती वर्षं लागतील?’ वर्षाला तीन-चार गोष्टी होतील. दोन वर्षांत तंबाखू सुटलेली, झोप लागलेली, चालणं अंगवळणी पडलेलं, कमरेचा घेर उतरलेला. मागच्या दहा वर्षांत दर एक जानेवारीला आणि दर पाडव्याला सगळं एकदम सुरू करून काय हाताला लागलं, ते आठवून या दोन वर्षांशी ताडून बघा.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ‘आयुष्यात समतोल ठेवा’ म्हणालं, तर विचारा, ‘आधी काय करू?’ उत्तर मिळालं नाही तर तो सल्ला तिथेच सोडा. आज रात्री जेवण झाल्यावर एक कागद घ्या. एक काम लिहा, तीन महिन्यांनंतरची तारीख लिहा, औषधांची यादी लिहा आणि तो कागद फ्रिजच्या दारावर लावा. दुसरं काम लिहायचा मोह होईल. त्याची पाळी तीन महिन्यांनी.